सौम्य लाठीमार

यवतमाळहून राळेगावकडे एसटीने निघालं की या दिवसांत रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. भरून जाणाऱ्या गाड्यांमधून पुंजके उडतात, काट्यांना अडकतात, आणि दव पडलं की तिथेच ओले होऊन लोंबत राहतात. नव्या माणसाला वाटावं, झाडाला फुलं आली. मी खिडकीशी बसते आणि बाहेर बघत नाही. पण वास येतोच. सरकीचा तो जड, तेलकट, उबदार वास. जिनिंगजवळून गाडी गेली की तो नाकात शिरतो, आणि मी पुन्हा त्या एका हंगामात जाऊन उभी राहते. अंगात पांढरी साडी, हातात औषधात बुडवलेला कापसाचा बोळा, आणि समोरच्या बाकावर बसलेली इंदूमावशी.

ती वर्षं कापसाची वाईट होती. त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं, मोठमोठ्या गाड्यांमधून येऊन पाहिलं. मला ते सगळं सांगता येणार नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, मला एका वेळी एकच माणूस दिसायचा. त्या हंगामातला माझा माणूस इंदूमावशी.

ती नात्याची मावशी नव्हती. माझी माय आणि ती, दोघी कापूस वेचायला जोडीने जायच्या, एवढंच नातं. पण आमच्याकडे हे नातं लहान नाही. शेजारशेजारच्या ओळी धरायच्या, ओळीला आमच्याकडे तास म्हणतात, आणि सकाळी दव उतरलं की वाकून जे सुरू करायचं ते सूर्य कलेपर्यंत. एकीची पाठ दुखली तर दुसरीने तिच्या तासातली दोन झाडं आपल्या ओटीत उरकायची. मी लहान असताना त्यांच्या मागे मागे फिरले आहे. कापूस वेचणं म्हणजे तोडणं नव्हे. बोंड उमलून वाळलेलं असतं, त्याच्या टोकांना सुईसारखी धार असते. पाचही बोटांची टोकं एकत्र करून ती आत घालायची आणि एका ओढीत चारही पाकळ्यांतला कापूस बाहेर काढायचा, कचरा न येऊ देता, बोटाला न टोचू देता. मायची बोटं हंगामभर चिरलेली असायची. इंदूमावशीच्या बोटांवर ओरखडा नसायचा. ती बोलत बोलत वेचायची, हातांकडे बघायचीसुद्धा नाही. जणू तिचे हात वेगळे कामाला आले होते आणि ती वेगळी गप्पा मारायला.

माझा भाऊ दिलीप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तो पोटात असताना बाप गेला. माय बाळंतीण होती तेव्हा इंदूमावशीने आपली तान्ही लेक वंदना एका बाजूला आणि दिलीप दुसऱ्या बाजूला घेऊन दोघांना पाजलं आहे. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. मायच सांगायची, आणि दिलीप मोठा झाल्यावर लाजून उठून जायचा.

पोलीस भरतीसाठी दिलीप दोन वर्षं पळाला. गावापासून फाट्यापर्यंत आणि परत, रोज पहाटे. काळ्या मातीची धूळ त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिकटलेली असायची. ज्या दिवशी तो वर्दी घालून पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशी मायने तांब्यात निखारे भरून त्या कडक इस्त्रीच्या वर्दीवर पुन्हा इस्त्री केली. गरज नव्हती. तिला फक्त हात लावायचा होता. इंदूमावशी दारात उभी राहून म्हणाली, “व माय, हा तं सायेब दिसून राह्यला! आता आपल्याले कोणी हटकणार नाई.” आणि भाऊरावकाका, म्हणजे तिचा नवरा, फार बोलणारा माणूस नव्हता, त्यानेही दिलीपच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं “शाबास” म्हटलं.

आता आपल्याला कोणी हटकणार नाही. आमच्या वस्तीसाठी वर्दीचा अर्थ तेवढाच होता.

कापसाच्या त्या वाईट हंगामापर्यंत दिलीपच्या नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती. त्या वर्षी भाऊरावकाकांनी मक्त्याने थोडी जमीन केली होती. वेचलेला कापूस बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरून ते तालुक्याच्या खरेदी केंद्रावर गेले आणि रांगेत लागले. रांग दवाखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आली होती. मी इंजेक्शनच्या सुया उकळताना खिडकीतून बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकायची. माणसं बंड्यांखालीच झोपत, तिथेच तीन दगडांवर स्वयंपाक करत. कोणाला थंडीताप, कोणाला जुलाब. एकेक जण यायचा आणि गोळ्या घेऊन घाईने जायचा, कारण रांग सोडली तर जागा जायची. मग एक दिवस केंद्राने खरेदीच थांबवली. जागा नाही म्हणाले, वरून आदेश नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. तिसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर बसले.

इंदूमावशी त्या दिवशी नवऱ्याची शिदोरी घेऊन आली होती. जाताना दवाखान्यात डोकावली. मला दोन मुठी तुरीच्या शेंगा दिल्या, पहिल्याच. म्हणाली, “बायका समोर बसून राह्यल्या. मीबी बसतो जराशी. बायकाईवर कोणी हात नाई उचलत.”

मी म्हटलं, “मावशी, कायले? काकाले जेवाले दे अन् घरी जा.”

“आपला कापूस हाय ना व,” ती म्हणाली. “पाच मिनिटं बसून जातो.”

दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला बैल ओरडले. मला आधी माणसांचा आवाज ऐकू आला नाही, बैलांचाच आला. मग चपलांचा, पळणाऱ्या खूप चपलांचा. आणि मग आमच्या दवाखान्याचा व्हरांडा भरला.

किती जण होते ते मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, इथे लिहीत नाही. डोकी होती, खांदे होते, एका म्हाताऱ्याचा गुडघा होता. डॉक्टर टाके घालत होते आणि मी बोळ्याने रक्त टिपत होते. सगळ्यात शेवटच्या बाकावर इंदूमावशी बसली होती, आपला नंबर येईल म्हणून गप्प. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. मी जवळ गेले. मनगट मनगटासारखं राहिलं नव्हतं. बोटं एकीकडे, हात दुसरीकडे.

“मावशी, कोणं मारलं?”

तिने मला डाव्या हाताने खाली ओढलं, कानाशी आली आणि म्हणाली, “आपल्या दिल्यानं. त्याले मालूम नव्हतं व. माह्या डोक्यावर पदर होता. कोणाले सांगू नको.”

बंदोबस्तासाठी जिल्ह्याहून ट्रक भरून पोलीस आणले होते. त्यात दिलीप होता, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. हातातला बोळा रक्ताने भरला होता, मी तो टाकला आणि दुसरा घेतला. नर्सचं हे एक बरं असतं. हाताला काम असतं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: उजव्या मनगटास काठीचा मार, पोलिसांकडून, रुग्णाच्या सांगण्यावरून. नाव लिहिलं नाही. रुग्णाने नाव सांगितलं होतं, तरी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, जमाव हिंसक झाल्याने पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या दवाखान्यातही तो शब्द असतो. सौम्य ताप, सौम्य अशक्तपणा. सौम्य म्हणजे ज्याला गोळी देऊन घरी पाठवता येतं ते. मावशीला आम्ही यवतमाळला पाठवलं होतं.

परवा टीव्हीवर पुन्हा तोच शब्द ऐकला. कुठल्यातरी गावातलं काहीतरी, चार चौकटींमध्ये चार माणसं भांडत होती. एक निवृत्त अधिकारी म्हणत होते, दगड येतात तेव्हा पोलिसाने काय करावं? दुसरे म्हणत होते, चौकशी झाली पाहिजे. मी आवाज बंद करून टाकला. तसं पाहिलं तर त्या वेळी आमच्या तालुक्यातही हेच सगळं बोललं गेलं. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर. कोणी म्हणे, पोलीसही माणसंच आहेत, अठरा-अठरा तास उभे असतात, त्यांच्यावर दगड आले. दगड आले होते, हे खरं आहे. एका पोलिसाची भुवई मीच शिवायला घेतली होती. कोणी म्हणे, बायका बसल्या होत्या, त्यांच्या हातात काय दगड होते? एक दिवस गाव बंद राहिलं. भाषणं झाली. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे मलमपट्टीला यायचे आणि मला विचारायचे, सिस्टर, तुम्ही तर पाहिलं, तुम्हीच सांगा. मी म्हणायची, मी आत होते.

चार दिवसांनी संध्याकाळी दिलीप माझ्या क्वार्टरवर आला. साध्या कपड्यांत. मी चहा टाकला. तो कपाला हात न लावता बसला होता.

“ताई, रजिस्टरमंधी काय लिवलं तू?”

“जे होतं थे.”

“पडून मार लागला, असं नाई करता येत?”

मी कप त्याच्याकडे सरकवला. त्याने मान खाली घातली. “मले वरून पाठवलं म्हणून आलो,” तो म्हणाला. “मी मनानं नाई आलो.”

मग त्याने सांगितलं. एकदाच, सलग. सकाळपासून उभे होते. पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. भोंग्यावरून सूचना द्यायची असते, ती कोणी दिली नाही. मागून दोन-तीन दगड आले. साहेब जीपमधून उतरले आणि म्हणाले, दोन मिनिटांत रस्ता मोकळा पाहिजे, बायका-बिया काही पाहू नका. “आमाले शिकवलं हाय ताई, कमरेखाली मारा. डोक्यावर नाई, हातावर नाई. पण धावाले लागलं का मंग खाली-वर कायबी राह्यत नाई. मले समोर फक्त पदर दिसला. तिनं हात वर केला. मारलं थे मारलं. मंग तिनं वर पाह्यलं अन् म्हणली, दिल्या?”

बाहेर कोणाच्या तरी घरी भांडी घासत होते, तो आवाज येत राहिला.

“एवढंच म्हणली. शिवी देली असती तं बरं झालं असतं. अन् मी थांबलो नाई ताई. मी तिले उचललं नाई. सगळे समोर जाऊन राह्यले होते, मीबी गेलो.”

“आता सांग,” मी म्हटलं. “चौकशी होणार हाय म्हणतात. सांगून दे, मी मारलं, अन् हुकूम कोणाचा होता थेबी सांग.”

“नोकरी जाईन.”

“जाईन.”

“मायले काय सांगू?”

मायने निखाऱ्यांची इस्त्री फिरवलेली ती वर्दी माझ्याही डोळ्यांपुढे होतीच. मी त्याला एवढंच सांगितलं की रजिस्टर बदलणार नाही. तो गेला. चहा तसाच राहिला.

चौकशी झाली ती वेचणी संपत आल्यावर. तुरी पिवळ्या पडल्या होत्या, दुपारचं ऊन चावायला लागलं होतं. एका सरकारी कार्यालयाच्या दालनात टेबल मांडलं होतं, एक अधिकारी प्रश्न विचारत होते आणि बाजूला कारकून लिहून घेत होता. बाहेरच्या कडुलिंबाखाली आम्ही सगळे आपापल्या नंबराची वाट पाहत बसलो होतो. पलीकडच्या बाजूला पोलीस, अलीकडे आम्ही. मधे सावलीचा एक तुकडा रिकामा.

इंदूमावशीच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. हाड जुळलं होतं, बोटं मिटत नव्हती. तिला आत बोलावलं तेव्हा मी सोबत गेले, तिला सही करता यायची नाही म्हणून. अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली. विचारलं, “बाई, तुम्हाला कोणी मारलं, त्याला ओळखता का? बाहेर सगळे बसले आहेत. भिऊ नका.”

मावशी म्हणाली, “वर्दी पाह्यली सायेब. तोंड नाई पाह्यलं.”

कारकुनाने लिहिलं, साक्षीदार मारणाऱ्यास ओळखत नाही. मावशीने डाव्या हाताचा अंगठा लावला.

मग मला विचारलं, “सिस्टर, रुग्णाने दवाखान्यात कोणाचं नाव सांगितलं होतं का?”

मावशी बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी म्हणाले, “नाही.”

इतकं सोपं होतं ते. एक शब्द. मी आयुष्यात किती जणांना नाही म्हटलं असेल, बेड नाही, गोळी नाही, डॉक्टर नाहीत. त्यातलाच एक.

दिलीपने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. सगळ्या शिपायांचा जबाब एकच टाइप केलेला होता, जमावाने दगडफेक केली, स्वसंरक्षणार्थ किमान बळ वापरले, कोणालाही हेतुपुरस्सर मारले नाही. त्याने खाली सही केली. आणि तिथे सगळं संपलं. मारणाऱ्याचं नाव नाही, म्हणून मारलेलं सिद्ध होत नाही. शिपाई नाही, म्हणून त्याला हुकूम देणारा साहेब नाही. मावशीला वाटलं तिने दिलीपला वाचवलं, मलाही तेच वाटलं. आम्ही दोघींनी मिळून ज्याला वाचवलं त्याचा चेहरासुद्धा आम्हाला ठाऊक नव्हता. दोन महिन्यांनी त्या साहेबांची नेहमीप्रमाणे बदली झाली. शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला, त्याचाही फोटो आला होता.

मायला कोणी सांगितलं नाही. तिला ते एप्रिलमध्ये कळलं. चौदा तारखेला वस्तीत निळे झेंडे लागले होते, दिलीप रजा घेऊन आला होता. इंदूमावशी नेहमीसारखी आमच्या अंगणात आली आणि दिलीप मागच्या दाराने निघून गेला. मावशी जरा वेळ बसली, गेली. माय भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “पमा, थ्या दिवशी दिल्या होता ना तथी?”

“होता.”

“इंदूले…”

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. मायने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळाली, घरभर वास सुटला, तरी ती बसून राहिली.

पुढच्या हंगामात इंदूमावशी वेचणीला गेली, डाव्या हाताने वेचायला. बोटं रक्ताळून यायची. संध्याकाळी ओटी मोजायला घेतली की तिची पाव भरलेली. मग मायने दोन तास धरायला सुरुवात केली. एक आपला, एक इंदूचा. साठीच्या बाईने दोन ओळी वेचायच्या म्हणजे काय, हे वेचणाऱ्यालाच कळेल. दोघी त्यावर बोलायच्या नाहीत. माय आपल्या ओटीतला कापूस जाता जाता मावशीच्या ओटीत टाकायची आणि पुढच्या झाडाला हात घालायची. दिलीपने पाठवलेल्या साड्या तिने कधी नेसल्या नाहीत. फाटेपर्यंत जुन्याच. चार हंगाम तिने असे काढले. पाचव्याला ती नव्हती.

मायच्या तेराव्या दिवशी दिलीपने मला म्हटलं, “ताई, सोबत चाल.” तो तेव्हा मुकुटबनच्या बाजूला नेमणुकीवर होता, केस पिकायला लागले होते. आम्ही मावशीच्या दारात गेलो. ती ओट्यावर बसून डाव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलत होती. उजवा हात मांडीवर, तळवा वर करून ठेवलेला, कोणाकडून काही घ्यायचं असल्यासारखा. भाऊरावकाका आत बाजेवर होते. दिलीप तिच्या पायाशी बसला.

“मावशी, थ्या दिवशी मीच होतो.”

“मले मालूम हाय.”

“माफ कर मले.”

मावशीने शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. म्हणाली, “मले कायले सांगून राह्यला? मले तं त्याच दिवशी मालूम होतं. जथी सांगाचं होतं तथी नाई सांगतलं.”

“तूच नाव नाई घेतलं, मावशी.”

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे रागाचे नव्हते, हे मला अजूनही सहन होत नाही.

“म्या नाव नाई घेतलं,” ती म्हणाली, “तं तुले घेता याव म्हणून. मी घेतलं असतं तं तुले पकडलं म्हणले असते. तू घेतलं असतं तं तू सांगतलं म्हणले असते. मी भायेर निंबाखाली बसून होती. दिल्या आत गेला, मले वाटलं आता सांगन. आता सांगन. तू आला अन् टोपी घालून गाडीत बसला.”

त्यानंतर दिलीप महिनाभराने त्या कार्यालयात गेला होता. लेखी अर्ज घेऊन. तिथल्या कारकुनाने त्याला आदराने बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ते प्रकरण केव्हाच बंद झालं. जुने कागद ठेवत नाहीत. आता तुम्ही उगाच कशाला उकरता, नोकरी करायची आहे ना अजून? अर्जावर आवक शिक्का मारून दिला. त्या अर्जाचं उत्तर आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात इंदूमावशी गेली. वेचणीचेच दिवस होते. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली, आजूबाजूच्या गावांचे लोक आले. त्यांच्यात त्या दिवशी मार खाल्लेले काही जण होते, म्हातारे झालेले. मंडपात तिचा फोटो, पुढे मेणबत्त्या. बुद्धवंदना झाली. मग दोन-चार जण तिच्याबद्दल बोलले, कष्टाळू होती, कोणाला दुखावलं नाही, असं जे बोलतात ते. आणखी कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं. दिलीप उठला. तो निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. त्याने माइक हातात घेतला नाही, त्यामुळे मागच्यांना ऐकू यावं म्हणून त्याला ओरडून बोलावं लागलं.

“इंदूमावशीचा हात म्या मोडला,” तो म्हणाला. “खरेदी केंद्रासमोर. म्या लाठी मारली. मावशी खाली बसून होती, तिच्या हातात काई नव्हतं.” मग साहेबांनी काय म्हटलं होतं ते त्याने शब्दाला शब्द सांगितलं. भोंग्यावरून सूचना दिली नव्हती तेही सांगितलं. टाइप केलेल्या जबाबावर न वाचता सही केली तेही. “वाचला नाई असं नाई,” तो थांबून म्हणाला. “वाचला होता.”

कुठेतरी एक पोर रडत होतं, त्याला कोणी गप्पसुद्धा केलं नाही. मला वाटलं मीही उठावं. माझाही एक शब्द होता सांगण्यासारखा. मी उठले नाही. आज हे लिहिते आहे ते त्यामुळेच.

वंदना फोटोजवळ बसली होती. ती उठली. दिलीपपेक्षा पंधरा दिवसांनी मोठी, एका आईच्या दुधावरची. म्हणाली, “दिलीपभाऊ, माय म्हणत राह्ये, दिल्या एक दिवस बोलन. आमीच तिले म्हणो, नाई बोलणार.” तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “तिले आयकू आलं असतं तं बरं झालं असतं. बसा आता. जेवणं व्हाची हायेत.”

दिलीप बसला नाही, गेलाही नाही. पंगती बसल्या तेव्हा त्याने पाण्याची बादली उचलली आणि एका टोकाकडून पाणी वाढत निघाला. लोक पेले पुढे करत होते. काही त्याच्याकडे बघत होते, काही पानाकडे. ज्या म्हाताऱ्याचा गुडघा मी त्या दुपारी बांधला होता त्याने पाणी घेतलं आणि “पुरे बापू” म्हणाला. ओळीच्या शेवटी भाऊरावकाका बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. कोण आलं आहे हे त्यांना बाजूच्याने सांगितलं असावं, कारण दिलीप त्यांच्यापुढे वाकला तेव्हा त्यांनी आपला हात उचलला आणि पेल्यावर झाकण ठेवावं तसा ठेवला.

दिलीप बादली धरून तसाच वाकून उभा राहिला. काकांनी हात काढला नाही. मग तो सरळ झाला आणि पुढच्या पंगतीकडे गेला.